जलद रांगेचा हिशेब कोण देणार?

कामोठे, खांदेश्वर, कळंबोली या सिडकोच्या वसाहतींतून सुट्टीच्या दिवशी सहलीस निघणाऱ्या कुटुंबांना खोपोलीजवळचे 'इमॅजिका' आता नवलाईचे राहिलेले नाही. एप्रिल २०१३ मध्ये हे थीम पार्क सुरू झाले, तेव्हापासून मे महिना आणि दिवाळीची सुट्टी आली की सोसायटीच्या आवारात बसगाड्या ठरतात. कळंबोलीला द्रुतगती मार्गावर गाडी चढली की साधारण तासाभरात खालापूर तालुक्यातील हे उद्यान गाठता येते. प्रश्न निर्माण होतो तो तेथे पोहोचल्यावर. एक तिकीट साधे असते आणि दुसरे बऱ्याच जास्त किमतीचे 'एक्सप्रेस'. पहिल्यात सर्व राइड्सवर बसण्याचा अधिकार मिळतो, दुसऱ्यात तोच अधिकार रांगेत फारसे न थांबता मिळतो. 'नायट्रो'सारख्या गाजलेल्या रोलर कोस्टरसमोर भर उन्हाळ्यात मुलांना घेऊन ताटकळणाऱ्या पालकांना शेजारच्या मार्गिकेतून पुढे निघून जाणारी कुटुंबे दिसतात आणि 'आपणही तिकीट काढलेच आहे ना?' असा प्रश्न मुले विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

हा प्रकार एकट्या इमॅजिकाचा नव्हे. बंगळुरू, कोची, हैदराबाद येथील 'वंडरला'मध्ये तो 'फास्टट्रॅक' या नावाने चालतो. अमेरिकेत 'युनिव्हर्सल'च्या उद्यानांत 'एक्सप्रेस' पास वर्षानुवर्षे विकला जातो. 'डिस्ने'चा प्रवास मात्र बोलका आहे. १९९९ मध्ये या कंपनीने 'फास्टपास' आणला, तेव्हा तो विनामूल्य होता. यंत्रातून ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची, तोवर इतरत्र फिरायचे आणि त्या वेळी येऊन थोडक्या प्रतीक्षेत राइड घ्यायची, अशी ती सोय होती. श्रीमंत असो वा सामान्य, चिठ्ठी सर्वांना सारखीच मिळे. करोनाच्या काळात उद्याने बंद झाली आणि २०२१ मध्ये 'फास्टपास' कायमचा गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्लोरिडातील उद्यानांत माणशी दिवसाला १५ डॉलर घेऊन तीच सोय विकण्यास सुरुवात झाली. २०२४ मध्ये त्यावर आणखी एक मजला चढला. वेळ ठरवण्याचीही गरज नसलेला 'प्रीमियर' पास आला आणि गर्दीच्या दिवसांत त्याची किंमत माणशी ४०० डॉलरच्या पुढे गेली. जी वस्तू बावीस वर्षे फुकट मिळत होती, तिला बाजारभाव कसा येतो याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

पैसे मोजून पुढे जाण्यात गैर काय, असे विचारणारा मोठा वर्ग आहे आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. उद्यान खासगी आहे, तेथे जाणे कोणावर बंधनकारक नाही. विमानात पुढच्या आसनाला, नाट्यगृहात पहिल्या ओळीला जास्त पैसे पडतात. तेव्हा कोणी अन्यायाची भाषा करत नाही. शिवाय असा व्यवसाय चालवणे सोपे नाही. पाळणे, यंत्रे, सुरक्षा, वीज यांचा खर्च गर्दी असो वा नसो करावाच लागतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा अशा उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता; जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. खुद्द इमॅजिका कर्जाच्या ओझ्याखाली सापडले होते आणि २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले. अशा स्थितीत ज्यांना परवडते त्यांच्याकडून अधिक पैसे घेतले, तर साध्या तिकिटाची किंमत आवाक्यात राहते, हा उद्योगाचा युक्तिवाद अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

मात्र नाट्यगृहातील पहिली ओळ आणि राइडची जलद रांग यांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्या ओळीत कोणी बसले म्हणून दहाव्या ओळीतील प्रेक्षकाचे नाटक उशिरा सुरू होत नाही. राइडच्या बाबतीत नेमके तेच घडते.

हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखादी राइड तासाला ६०० जणांना फिरवते आणि तिच्यापुढे सतत ६०० जणांची रांग असते असे धरले, तर नव्याने येणाऱ्यास एक तास थांबावे लागेल. आता व्यवस्थापनाने जलद रांग सुरू केली आणि दर तासाला २०० जण तिच्यातून थेट आत जाऊ लागले. राइडचा वेग वाढलेला नाही, आसनेही तेवढीच आहेत. साहजिकच साध्या रांगेसाठी तासाला ४०० जागा उरल्या. ६०० जणांची तीच रांग आता दीड तासाची झाली. दोनशे जणांचा प्रत्येकी एक तास वाचला आणि तो इतर चारशे जणांच्या माथी प्रत्येकी अर्ध्या तासाने आला. बेरीज शून्य! वाचलेला वेळ कुठून तरी निर्माण झालेला नसतो, तो शेजारच्या रांगेतून काढून घेतलेला असतो. त्यातच आणखी एक मेख आहे. जलद तिकीटधारकाला थांबावे लागत नसल्याने तो दिवसभरात अधिक राइड्स घेतो, एकच राइड दोन-दोनदा घेतो. म्हणजे मुळात जी गर्दी झालीच नसती, तीही साध्या रांगेच्या पुढे येऊन उभी राहते.

येथे विक्रेत्याच्या हितसंबंधांचा प्रश्न येतो. जलद तिकीट विकत घेण्याचे एकमेव कारण म्हणजे साधी रांग लांब असणे. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी उद्यान ओस पडलेले असताना त्यासाठी कोण पैसे मोजेल? रांग जितकी त्रासदायक, तितका त्या तिकिटाला उठाव. कोणतेही उद्यान मुद्दाम रांगा लांबवते, असा आरोप करण्यास आधार नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु रांग कमी करण्याचे जे उपाय आहेत, म्हणजे रोलर कोस्टरवर आणखी एक गाडी सोडणे, गर्दीच्या दिवशी तिकीटविक्रीला मर्यादा घालणे, एकट्याने बसण्यास तयार असलेल्यांची वेगळी रांग लावून रिकामी आसने भरणे, त्या सर्वांना खर्च वा कष्ट लागतात. रांग तशीच ठेवून तिच्यातून सुटका विकणे मात्र फायद्याचे ठरते. हार्वर्ड विद्यापीठातील राजकीय तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी 'व्हॉट मनी कान्ट बाय' या २०१२ मधील पुस्तकाची सुरुवातच रांग ओलांडण्याच्या या व्यापारापासून केली आहे. काही उद्याने जादा पैसे देणाऱ्यांना मागच्या वा बाजूच्या दाराने आत नेतात, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. व्यवहार निर्दोष असेल तर तो झाकावा का लागतो?

अर्थात पैशाने विकत घेतलेला प्रत्येक वेग इतरांच्या मुळावर येतो असेही नाही, आणि त्याचा दाखला कामोठ्याच्या उंबरठ्यावरच आहे. कळंबोलीपासून सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेला. तेथे टोल भरणारा लवकर पोहोचतो; पण त्यासाठी जुन्या महामार्गाची एकही मार्गिका काढून घेतलेली नाही. नवा रस्ता बांधला गेला, त्यामुळे जुन्यावरील भारही हलका झाला. (जुन्या रस्त्यावरही टोल आहेच, ती गोष्ट वेगळी.) याउलट उदाहरण मध्य रेल्वेचे. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी दहा वातानुकूलित फेऱ्या सुरू करण्यात आल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रस्त्यावर उतरले आणि आठवडाभरातच रेल्वेला त्या मागे घ्याव्या लागल्या. वातानुकूलित लोकलला त्या प्रवाशांचा तात्त्विक विरोध नव्हता. ऐन गर्दीच्या वेळी आपली गाडी काढून ती महागड्या तिकिटाच्या प्रवाशाला दिली गेली, हा त्यांचा आक्षेप होता. लोकलच्या गर्दीत रोज मुंबई गाठणाऱ्या कामोठेकराला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. थीम पार्कमधील जलद रांग द्रुतगती मार्गाच्या जातीची की कळव्याच्या लोकलच्या, असा प्रश्न केला, तर तिचे नाते लोकलशीच जुळते.

मंदिरांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. शिर्डीत आणि त्र्यंबकेश्वरात २०० रुपये भरून लवकर दर्शनाची सोय आहे. येथे तर राइडसारखा खर्चाचा युक्तिवादही पुरता लागू होत नाही, आणि देवापुढे सारे समान ही तर आपल्याकडील संतांची शिकवण. अशा शुल्काविरुद्धची एक याचिका ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. विशेष वागणूक दिली जाऊ नये, असे मत खंडपीठाने व्यक्त केले; तथापि घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली तसे निर्देश देण्यास नकार देऊन प्रश्न सरकारवर सोपवला. पंढरपूरने वेगळी वाट धरली आहे. आषाढीला रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. ज्यांना इतके थांबणे शक्य नाही त्यांच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी रांग असते. पदस्पर्श नाही, पण वेळही कमी आणि पैसाही नाही. लवकर जाण्याच्या बदल्यात काहीतरी सोडायचे, आणि ते स्वतःचे सोडायचे, दुसऱ्याचे नव्हे, हे त्यातील तत्त्व आहे.

सिडकोच्या वसाहतीत राहणाऱ्यांना दुर्मीळ वस्तूंच्या वाटपाच्या तिन्ही पद्धती चांगल्या परिचयाच्या आहेत. घर सोडतीने मिळते, भूखंड निविदेने जातो आणि बाकी बहुतेक ठिकाणी रांग लावावी लागते. यांपैकी कोणतीही पद्धत निर्दोष नाही; पण प्रत्येकीचा नियम आधी जाहीर असतो. सोडतीत किती घरे, कोणत्या गटाला किती, हे अर्ज भरण्यापूर्वी छापलेले असते. रेल्वेच्या 'तत्काळ' योजनेवरही टीका पुष्कळ झाली. १९९७ पासून चालू असलेली ही योजना सामान्य कोट्यातील जागाच बाजूला काढून जादा दराने विकते. तरीही त्या कोट्यात जागा किती, हे प्रवाशाला तिकीट काढण्यापूर्वी दिसते. थीम पार्कचे साधे तिकीट काढणाऱ्याला मात्र त्या दिवशी जलद तिकिटे किती विकली गेली, प्रत्येक राइडची किती आसने त्यांच्यासाठी राखली गेली आणि आपल्या वाट्याला काय उरले, याचा पत्ता नसतो. त्याने 'सर्व राइड्स' विकत घेतलेल्या असतात. दिवसाअखेर चार-पाच हाती लागतात.

कायद्याचा आधार येथे घेता येण्यासारखा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील 'त्रुटी'ची जी व्याख्या आहे, तिच्यात संबंधित माहिती ग्राहकापासून हेतुपुरस्सर दडवून ठेवण्याचाही समावेश होतो. रांगेच्या लांबीवर थेट परिणाम करणारी जलद तिकिटांची संख्या ही 'संबंधित माहिती' ठरते की नाही, याचा कस ग्राहक आयोगापुढे किंवा २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणापुढे लागायला हवा. मागणी फार मोठी नाही. जलद तिकिटांची दैनंदिन मर्यादा ठरवून ती जाहीर करावी, एका राइडवर त्यांना जास्तीत जास्त किती आसने द्यायची याचे प्रमाण ठरवावे आणि प्रतीक्षेचा अंदाजित काळ संकेतस्थळावर तिकीट काढतानाच दाखवावा. यासाठी नवे तंत्रज्ञानही लागत नाही. जगभरातील मोठी उद्याने प्रत्येक राइडपुढील प्रतीक्षेची मिनिटे मोबाइलवर दाखवतच असतात. फक्त ती पाहून जलद तिकीट काढण्याचा मोह व्हावा अशा बेताने, म्हणजे ग्राहक प्रवेशद्वाराच्या आत येऊन, साध्या तिकिटाचे पैसे देऊन झाल्यावर.