सेवापुस्तिकेतले अध्यापन

झाशीच्या पूर्वेस गरौठा तहसिलीत गुरसराय नावाचे गाव आहे. पेशवाईत बुंदेलखंडात स्थिरावलेल्या खेर घराण्याच्या जहागिरीमुळे काही मराठी वाचकांना ते ठाऊक असेल. आज हा भाग 1975 साली झाशीत स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात मोडतो. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाच्या सरकारी योजनांची परीक्षा दिल्लीतल्या परिसंवादांत न करता अशा गावी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे माध्यमिक शाळेत शिकविण्यास बी.एड. लागते. महाविद्यालयात नेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतले थोडे बहुपर्यायी प्रश्न वगळले, तर वर्ग कसा घ्यावा हे उमेदवाराला कोणी विचारीत नाही. ही उणीव 1986 च्या शैक्षणिक धोरणाने ओळखली आणि 1987 पासून विद्यापीठांतून अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. 2015 मध्ये ती मानव संसाधन विकास केंद्रे झाली, 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. पाटी रंगविण्यात आपले प्रशासन कधी कमी पडलेले नाही!

दोष केंद्रांत शिकविणाऱ्यांचा नाही. दोष आहे तो या प्रशिक्षणाला बढतीच्या दावणीला बांधण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पहिल्या वरच्या स्तरावर जाण्यासाठी 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो. प्रमाणपत्र सेवापुस्तिकेत चिकटले की काम संपले. परतल्यावर त्याच्या तासाला कोणी बसत नाही. त्याच विनियमांत अध्यापनाचे मूल्यमापन आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के वा अधिक घेतले की शेरा ‘चांगले’. तास घेतले किती, हे मोजले जाते. त्या तासांत कोणाला काय उमगले, हा रकाना तक्त्यात नाही.

अर्थशास्त्राचाच दाखला देतो. मागणीची लवचीकता शिकविताना चहा-कॉफीचे उदाहरण पिढ्यान्पिढ्या फळ्यावर येते. झाशी जिल्ह्यात वाटाणा मोठ्या प्रमाणावर पिकतो. समोरच्या बाकावरच्या मुलाच्या घरी आवक वाढताच भाव कसा कोसळतो, हे अनुभवाने माहीत असते. ते उदाहरण वर्गात आणणे, त्यावर हिंदीत प्रश्न रचणे, उत्तरे तपासून कोठे अडते ते पाहणे, हे कौशल्य आहे. ते दूरच्या सभागृहात व्याख्यान ऐकून येत नाही; सहकाऱ्याने तास पाहून नंतर मोकळेपणाने बोलावे लागते.

आता प्रशिक्षण ऑनलाइन झाल्याने खेड्यातल्या प्राध्यापकाचा प्रवास वाचला, हे मान्य. पण पडद्यावर हजेरी लावून तो पुन्हा एकटाच वर्गात शिरतो. विनाअनुदानित महाविद्यालयातल्या तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाला तर बढतीचे आमिषही नाही. त्याने कशासाठी शिकावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात मला आढळले नाही.

तेव्हा प्रशिक्षणाच्या निधीतला निम्मा वाटा थेट महाविद्यालयांच्या गटांना द्यावा. गुरसराय, मोठ, मऊरानीपूर येथल्या एकाच विषयाच्या शिक्षकांनी महिन्यातून एक दिवस एकमेकांच्या वर्गात बसावे, आणि तो दिवस कामाचा धरून त्याचा मोबदला द्यावा, विनाअनुदानितांनाही. त्यांच्या निरीक्षणांची नोंद मात्र बढतीच्या फाइलीत जाऊ नये. गेली, की दुसऱ्याच महिन्यापासून सगळ्यांचे सगळे तास ‘उत्कृष्ट’ होतील.