आधी की मागून?

आमच्या कडोदऱ्याच्या मराठी घरांतून यंत्रमागाच्या हिशेबाशेजारी आता संगणकाच्या 'सी' भाषेचाही अभ्यास चालतो. डेनिस रिची यांनी ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. तिच्यातील ++ व -- ही चिन्हे मात्र केन थॉम्प्सन यांनी आधीच्या 'बी' भाषेसाठी योजिलेली. पहिले संख्या एकाने वाढविते, दुसरे घटविते.

उपसर्ग व प्रत्यय यांप्रमाणे येथेही स्थानास महत्त्व आहे. समजा, क म्हणजे ५. 'ख = ++क' लिहिल्यास क आधी ६ होतो व खला ६ मिळतात. 'ख = क++' लिहिल्यास खला जुने ५ मिळतात; क मात्र ६ होतो. चिन्ह स्वतंत्र ओळीत असल्यास फळ एकच.

आता पाच तागे पाच कप्प्यांत ठेवावयाचे आहेत. 'सी'मध्ये कप्प्यांचे क्रमांक ० ते ४. क शून्य धरून कप्पा क++ ने निवडल्यास सारे जागच्या जागी. ++क ने निवडल्यास पहिला कप्पा रिकामा राहतो व पाचवा तागा बाहेर, परक्या जागेत पडतो. 'सी' भाषा स्वतःहून हटकत नाही.

म्हणून पालकहो, मुलांना आपण मायबोलीत एवढेच विचारावे: "आधी वाढविलेस, की आधी घेतलेस?"