कामांच्या यादीत गावाचा रकाना हवा

सातबारा हातात पडला की आपण आधी रकाने बघतो. नाव कुणाचे, क्षेत्र किती, इतर हक्कात बोजा कुणाचा. ज्या गोष्टीला रकाना असतो तिची नोंद होते. बाकीचे तोंडी राहते आणि पुढे भांडणात निघते. म्हणूनच २०२० साली शासनाने सातबाऱ्याचा नमुना सुधारला. लागवडीयोग्य क्षेत्र व पोटखराबा वेगळा दाखवून एकूण क्षेत्र, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख अशा बाबी त्यात आल्या.

गावच्या कामांचेही तसेच आहे. कामाचे नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च, सद्यःस्थिती हे रकाने वरून ठरून येतात. ते हिशेबाला पुरतात, मावळच्या पावसाला पुरत नाहीत. लोणावळ्याच्या बाजूला पावसाने जोर धरला की कामे थंडावतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ओढे, साकव, दरडी अंगावर येतात.

१५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. आता बघा, मंजुरी झाली की काम यादीत जाते. पण नवे होईपर्यंत जुने कुणी बंद ठेवायचे, हा प्रश्न यादी विचारत नाही. तो आपण विचारायला हवा.

शासकीय प्रणालीत आपल्याला रकाना घालता येणार नाही. पण ग्रामपंचायत स्वतःसाठी जी यादी ठेवते तिच्यात येतो. कामे सांभाळणाऱ्या बहुतेक संगणक प्रणालींत ती सोय असते. साध्या तक्त्यातही जमते. चारच रकाने पुरेत: पावसाआधी हवे का, वाडी कोणती, शेवटची पाहणी कधी, तोवरची जबाबदारी कुणाची.

रकाना कोणत्या जातीचा हे मात्र आधी ठरवा. पाहणीला तारखेचाच रकाना द्या, म्हणजे 'लवकरच' असे लिहिता येणार नाही. पहिल्याला फक्त होय किंवा नाही. वाडीचे नाव ठरलेल्या यादीतून निवडायचे. नाहीतर एक जण 'ठाकरवाडी' लिहितो, दुसरा 'ठाकर वस्ती', आणि मोजताना एकाच वाडीच्या दोन होतात. जबाबदारीत माणसाचे नव्हे, पदाचे नाव लिहा. माणसाची बदली होते, पद गावातच राहते.

आणखी दोन गोष्टी. नवा रकाना जुन्या कामांसमोर रिकामाच उघडतो. एक दिवस बसून तो भरावा लागतो. आणि हौसेने वीस रकाने करू नका. ते सक्तीचे केले तर भरणारा कंटाळून 'निरंक' लिहून मोकळा होतो. ज्या रकान्यावर मासिक सभेत कुणी प्रश्न विचारणार नाही, तो काढून टाका.

रकान्याने पूल तरत नाही, हे खरेच. पण धोक्याच्या कामासमोरची रिकामी चौकट दर महिन्याला सर्वांसमोर येते, आणि ती का रिकामी याचे उत्तर कुणाला तरी द्यावे लागते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या मासिक सभेतच हे चार रकाने ठरवावेत. आणि शेतकरी मंडळींनो, ग्रामसभेत नुसते 'काम कधी होणार' असे विचारू नका. 'तोवर जबाबदारी कुणाची' हेही विचारा. उत्तर मिळाले की ते यादीत लिहून घ्या.