जाणणे म्हणजे घडवणे नव्हे



ईश्वराला उद्याचे ठाऊक असेल तर माणसाचे स्वातंत्र्य खोटे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष घाईचा आहे. जाणणे म्हणजे घडवणे नव्हे. शिवाय सहाव्या शतकातच तत्त्वज्ञ बोएथियसने दाखवले की कालातीत ईश्वराच्या ज्ञानाला ‘आधी’ लागूच होत नाही. मात्र ईश्वर नुसता पाहत नाही, जग चालवतोही, हा आक्षेप खरोखर अवघड आहे. त्यावर कॅथलिक चर्चमधील जेझुइट संघाच्या मोलिनाने १५८८ मध्ये उत्तर दिले: कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील हे जाणूनच ईश्वर सृष्टीची योजना आखतो. डॉमिनिकन संघाच्या बान्येझला यात ईश्वरी कृपा माणसाच्या होकारावर टांगलेली दिसली. तरीही मला मोलिनाच पटतो, कारण कृपेला नकार देणे शक्यच नसेल तर पाप आणि पश्चात्ताप दोन्ही पोकळ ठरतात. या वादात पोप पाचवे पॉल यांनीही १६०७ मध्ये कोणताही पक्ष न फेटाळता दोन्ही पक्षांना परस्परांना पाखंडी ठरवण्यास मनाई केली.

एक वाचक