आधी भरा, मग बघू

जानेवारीत एका मीटिंगच्या मध्येच मोबाईल वाजला. कार्डावरून पैसे जायचेत, मंजुरीसाठी ओटीपी टाका. रक्कम १७,६४० रुपये, कारण वीजबिल. आमचं बिल एरवी १,९०० च्या आसपास येतं, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं कोणीतरी चुना लावतोय. लॉगिन करून बघितलं तर बिल खरंच आमचंच होतं. वापर १,१८० युनिट!

गंमत अशी की हा ओटीपी आला तो निव्वळ नशिबाने. ऑटोपेला ओटीपीशिवाय जायची मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली पाच हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. बिल चौदा हजारांचं असतं तर आदल्या दिवशी सूचनेचा एक मेसेज आला असता, मी तो सवयीने स्वाइप करून टाकला असता आणि पैसे गुपचूप गेले असते. पुढे हिशेबात कधीतरी लक्षात आलं असतं, किंवा आलंही नसतं.

आता, बिल फुगलं म्हणून लगेच कंपनीच्या नावाने शंख करण्यात अर्थ नाही. २०२० साली लॉकडाऊनमध्ये मीटर रीडिंग बंद होतं, तेव्हा हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीवर बिलं गेली आणि जूनमध्ये खरं रीडिंग घेतल्यावर सगळी तफावत एकदम अंगावर आली. लोक प्रचंड चिडले होते. पण उन्हाळाभर सगळं घर चोवीस तास घरात होतं, त्यामुळे बऱ्याच जणांचे युनिट खरोखर त्यांचेच होते. शिवाय आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतो, त्यामुळे वापर दुप्पट झाला की बिल दुपटीहून जास्त होतं. म्हणून भांडण्याआधी गणित करायचं.

तर गणित. १,१८० युनिट भागिले ३० दिवस म्हणजे दिवसाला ३९ युनिट. भागिले २४ तास म्हणजे सुमारे १.६ किलोवॅट, सतत, रात्रंदिवस. दोन किलोवॅटचा गिझर रोज जवळजवळ वीस तास चालू ठेवला तर एवढं होईल. आम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडतो ते रात्री आठला उगवतो. एवढ्या गरम पाण्यात आम्ही काय उकडत होतो म्हणे?

टॉर्च घेऊन खाली मीटर रूममध्ये गेलो. बिलावर मागचं रीडिंग १४,२३६ आणि चालू रीडिंग १५,४१६. मीटरवर, बिलातल्या तारखेनंतर नऊ दिवसांनी, १४,४७०. म्हणजे एकतर आमचं मीटर नऊ दिवसांत जवळजवळ साडेनऊशे युनिट उलटं फिरलं, नाहीतर रीडिंग घेणाऱ्याने ४ च्या जागी ५ लिहिला. फोटो काढला, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकली आणि कंपनीच्या कार्यालयात गेलो.

काउंटरवरचे गृहस्थ सज्जन होते. फोटो बघून म्हणाले, "हो साहेब, रीडिंग चुकलेलं दिसतंय." मी म्हटलं, छान, मग दुरुस्त करा. "ते होईल हो. तुम्ही आधी भरा, पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट होऊन येईल. नाहीतर थकबाकी दिसेल, मग लाइट कट होईल."

माझं भांडण आहे ते या एका वाक्याशी. चूक तुमची, ती तुम्ही कबूलही करताय, आणि तरी पैसे मी आधी द्यायचे? दुकानदाराने वाण्याच्या हिशेबात हजाराच्या जागी दहा हजार लिहिले आणि म्हणाला "आधी द्या, पुढच्या महिन्याच्या किराण्यात वळते करतो", तर आपण काय करू? वीज आली की मात्र आपण शेपूट घालतो, कारण दुसरं दुकान नाही आणि अंधाराची भीती आहे.

खरं तर कायदा नेमकं उलटं सांगतो. विद्युत कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरायची. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. माझ्यासाठी ही रक्कम १,९०० रुपये होती. १७,६४० नव्हे.

मीटरवरच संशय असेल तर २०२४ साली केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आहे. तक्रार केल्यापासून पाच दिवसांत कंपनीने जोडीला दुसरं मीटर बसवायचं आणि निदान तीन महिने वापर पडताळून बघायचा. कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. हे सगळं छापलेलं आहे. काउंटरवर मात्र कोणी सांगत नाही, आणि आपण विचारत नाही.

मी अर्ज लिहिला, कलमाचा उल्लेख केला, फोटो जोडला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागितली. शिक्का मारताना गृहस्थ जरा नाराज झाले, पण मारला. बारा दिवसांनी माणूस येऊन रीडिंग घेऊन गेला आणि सुधारित बिल आलं, १,९३० रुपयांचं.

ऑफिसात हा किस्सा सांगितला तर निम्मे जण म्हणाले, "अरे भरून टाकायचं ना, एवढ्यासाठी अर्धी रजा कशाला? पैसे येतातच परत." त्यांचं गणित चुकीचं नाही. आपल्यासारख्यांना सतरा हजार महिनाभर अडकले तर ईएमआय चुकत नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. एकट्या राहतात, नवऱ्याच्या फॅमिली पेन्शनवर. मी अर्जाची भानगड सांगितली तर म्हणाल्या, "अरे, मला पण मागे आलं होतं तसं. अकरा हजार. भरून टाकलं बाई, उगाच लाइट कापली तर या वयात कुठे फिरू? बँकेत एक एफडी होती ती मोडली." आणि मग हसून, "पण नंतर दहा महिने बिलच आलं नाही बघ. शून्य, शून्य!"

काकूंना ते दहा महिने फुकट गेल्यासारखे वाटले होते. खरं काय झालं? महिन्याला हजाराचं बिल असलेल्या बाईकडून कंपनीने दहा हजार बिनव्याजी उचलले आणि तिचेच पैसे तिला दहा महिने हप्त्याने परत केले. काकूंनी बिल भरायला एक दिवस उशीर केला असता तर विलंब आकार लागला असता, तो वेगळाच.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. नवीन रीडिंग आल्यावर गेल्या वर्षभराच्या सरासरीशी ताडून बघायचं, तिपटीच्या वर गेलं तर बिल अडवायचं आणि माणूस पाठवून पुन्हा रीडिंग घ्यायचं. पाच ओळींचा कोड आहे, कॉलेजातलं पोरगं लिहील. तरी माझं बिल अडलं नाही. बुद्धी नाही म्हणून? मला नाही वाटत. चुकीची किंमत ज्याला मोजावी लागत नाही तो चूक शोधायला पैसे खर्च करत नाही, एवढं साधं आहे. आमच्याकडेही क्लायंट ओरडेपर्यंत कित्येक बग बॅकलॉगमध्ये पडून असतात. आणि या प्रकरणात ज्यांना ओरडता येतं ते आपण, मुकाट्याने भरतो. मग ओरडायचं कोणी? काकूंनी?

स्मार्ट मीटर आलं की हे संपेल असं कोणी म्हणेल. ४ चा ५ होणं थांबेल, मान्य. पण "आधी भरा, मग बघू" हे वाक्य मीटरमध्ये नाही, काउंटरवर आहे. ते मीटर बदलून जाणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. ऑटोपे ठेवायचं तर ठेवा, पण मर्यादा आपल्या नेहमीच्या बिलाच्या दीडपट लावा. महिन्यातून एकदा खाली जाऊन मीटरचा फोटो काढा. बिल चुकलं असेल तर पूर्ण भरू नका, सरासरीइतकं भरा आणि शिक्का घ्या. तुम्हाला पैशांची गरज नसेल तरीही. अर्धी रजा जाईल, जाऊ दे. आपण वर्षाला तेवढ्या रजा लॅप्स करतोच.

काकू आता दर एक तारखेला खाली जातात आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी रीडिंग लिहितात. परवा जिन्यातच अडवून म्हणाल्या, "एकशे बारा झाले रे या महिन्यात. बिल आलं की दाखवते तुला. जास्त असलं तर तो अर्ज लिहून दे."

देईन म्हटलं.