ताऱ्यांच्या गतीचा अभ्यास आणि आपली मुले

पीएच.डी. या पदवीला आपल्या समाजात जो मान आहे, तो अन्यत्र क्वचितच आढळेल. कारण ती पदवी आपण प्रथम बाबासाहेबांच्या नावाबरोबर ऐकली. परंतु इतिहासाचे अध्यापन करीत असताना एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानी येते. डॉक्टरेट म्हणजे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी किंवा कायदा, असे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. मूल विज्ञानात हुशार निघाले, तर त्याने वैद्यक वा अभियांत्रिकी घ्यावे. ते न जमल्यास स्पर्धा परीक्षा. ताऱ्यांच्या गतीवर प्रबंध लिहीन, असे कोणी म्हणाले तर घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याने पोट भरेल का?

हा प्रश्न अनाठायी नाही. ज्या घरात थोरल्याच्या पहिल्या पगारावर धाकट्यांच्या फीची वाट पाहिली जाते, तेथे तो विचारलाच पाहिजे. मात्र उत्तर ऐकून घेण्याआधी वाट बंद करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा विषय तरी काय आहे? सूर्य आपल्या ग्रहमालेसह आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 220 किलोमीटर वेगाने फिरतो आणि एका फेरीला वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात. दोन गोलांचे परस्परांभोवतीचे भ्रमण न्यूटनच्या नियमांनी कागदावर सोडवता येते. तिसरा आला की सर्वांना लागू पडेल असे सोपे सूत्र हाती लागत नाही. आणि दीर्घिकेत तर अब्जावधी तारे! तेथे गणित, संख्याशास्त्र आणि संगणक यांचाच आधार घ्यावा लागतो. दीर्घिकांच्या कडेचे तारे, दिसणाऱ्या द्रव्याच्या हिशेबात बसणार नाही इतक्या वेगाने फिरतात, हे 1970 च्या दशकात व्हेरा रुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले. त्यामागे असावे असे मानले जाणारे कृष्णद्रव्य नेमके काय आहे, याचा शोध आजही चालू आहे.

संशोधन म्हणजे काय, हे मांजरीला नव्याने सांगावयास नको. द्राक्षावर आणि उसावर संशोधन करणाऱ्या नामवंत संस्था आपल्या शिवारातच आहेत. त्यांच्या कामाचे फळ मळ्यात दिसते, आकाशाच्या अभ्यासाचे तसे दिसत नाही, म्हणून तो आपल्याला परका वाटतो. वस्तुतः तो याच शहरात चालतो. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात 1988 साली आयुका स्थापन झाली. कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली. मराठवाड्याच्या मातीत ही वेधशाळा उभी राहील, तेव्हा तेथे आपली मुले केवळ बांधकामावर असावीत काय?

पोटाच्या प्रश्नाचे उत्तर असे : अशा संस्थेत संशोधक म्हणून निवड झाल्यावर अधिछात्रवृत्ती मिळते. कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, पुढे ती 42,000 होते. खरी अडचण त्याआधीची आहे. बारावीनंतर पाच वर्षे बी.एस्सी. व एम.एस्सी.ची, त्यानंतर सुमारे पाच संशोधनाची. एवढा काळ घराने धीर धरावा लागतो.

हा धीर मधेच तुटला तर काय होते, हे इतिहास सांगतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये ते स्वतःची बचत आणि शाहू महाराजांसारख्यांचे साहाय्य घेऊन पुन्हा गेले, म्हणून 1923 ची डी.एस्सी. झाली. त्यांचे समकालीन मेघनाद साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील छोट्या दुकानदाराचे पुत्र. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना जातीवरून पंगतीबाहेर बसवले गेले. त्याच साहांनी 1920 मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान वाचण्याचे समीकरण जगाला दिले. आणि कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होऊ इच्छिणारा रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 रोजी आपल्यातून गेला, तेव्हा सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती येणे असल्याचे त्याच्या अखेरच्या पत्रात होते. प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले, असे समजणाऱ्यांनी हे विसरू नये.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, आठवी-नववीत गणिताची गोडी लागलेल्या मुलीला ‘हे आपल्याकडचे नव्हे’ असे म्हणू नका. शाळेने गणिताच्या तासाला प्रयोगशाळेइतकेच महत्त्व द्यावे आणि आयुकात शालेय विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या शनिवारी होणाऱ्या व्याख्यानांना आपली मुले न्यावीत. शहराचे एक टोक सोडून दुसरे गाठावे लागते खरे, पण अंतर तेवढेच आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे आमची मागणी थोडी जड आहे. सत्कार आणि स्मृतिचिन्हे यांवरील खर्चातून एक कायम निधी उभा करावा. एम.एस्सी.ची दोन वर्षे, किंवा शिष्यवृत्ती रखडलेले महिने, एवढ्या काळात विद्यार्थ्याला त्यातून बिनव्याजी रक्कम मिळावी; नोकरी लागल्यावर त्याने ती पुढच्यासाठी परत करावी. विषय कोणता, हे निधीने विचारू नये.