मर्दनविद्येचें देवालय

विद्यालय म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ग्रंथालय, व्याख्यानमंदिर आणि परीक्षेची धांदल उभी राहते. आखडलेली पाठ मोकळी करण्याची आणि थकलेले पाय चेपण्याची विद्या शिकविणारीहि शाळा असूं शकेल, आणि ती एखाद्या राजमान्य देवालयाच्या आश्रयानें वाढलेली असेल, ही कल्पना आपणांस सहसा सुचत नाहीं. पूर्वीच्या सयामांत, म्हणजे आतांच्या थायलंड देशांत, ती प्रत्यक्षांत आलेली आहे. बँकॉक शहरीं चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर 'वाट फो' नांवाचा बौद्ध विहार आहे. तेथील मर्दनशाळेची व तिच्या परिसराची ओळख वाचकांस करून द्यावी, असा या खेपेचा हेतु आहे.

'वाट' म्हणजे विहार. 'फो' हें बोधिवृक्षाच्या नांवाचें झिजलेलें रूप. विहाराचें औपचारिक नांव 'चेतुफोन' असें असून, गौतम बुद्ध जेथें वर्षावास करीत त्या श्रावस्तीच्या जेतवनाचें स्मरण त्यांत आहे. आवार सुमारें 20 एकरांचें. त्यांतील एका विशाल मंदिरांत 46 मीटर लांब व 15 मीटर उंच अशी, उजव्या कुशीवर पहुडलेल्या बुद्धाची सुवर्णलिप्त मूर्ति आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावाचीं 108 मंगलचिन्हें आहेत. भिंतीलगत 108 पात्रें ओळीनें मांडलेलीं असतात. यात्रेकरू एकेका पात्रांत एकेक नाणें टाकीत जातात, आणि त्या नाण्यांचा नाद मंदिरांत अखंड चालू असतो.

परंतु या विहाराचें खरें वैभव सोन्यांत नसून दगडांत आहे. 1767 मध्यें ब्रह्मी सैन्यानें सयामची जुनी राजधानी अयुथ्या उद्ध्वस्त केली. त्या आगींत असंख्य पोथ्या नष्ट झाल्या, आणि त्यांबरोबर वैद्यकाचेंहि पुष्कळ ज्ञान लोपलें. उरलें तें कोणा वैद्याच्या घराण्यांत, कोणाच्या केवळ स्मरणांत. पुढें 1824 ते 1851 पर्यंत राज्य करणाऱ्या तिसऱ्या राम राजानें या विहाराचा जीर्णोद्धार हातीं घेतला, तेव्हां त्यानें जाणत्यांकडून तें ज्ञान गोळा करविलें आणि शिळांवर कोरवून मंडपांच्या भिंतींत बसविलें. औषधांचे पाठ, काव्य, इतिहास, नीति अशा नाना विषयांचे 1,431 शिलालेख तेथें आहेत. 2011 मध्यें युनेस्कोनें त्यांची गणना जगाच्या स्मृतिठेव्यांत केली. मर्दनविद्येसाठीं मनुष्यदेहाच्या 60 आकृति कोरलेल्या आहेत. कोणत्या व्याधीवर शरीराच्या कोणत्या जागीं दाब द्यावा, हें त्यांवर दाखविलें आहे. पोथी पेटींत राहते. भिंत मात्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासमोर उघडी असते.

त्या आकृतींसमोर उभ्या राहणाऱ्या मराठी माणसास परकेपणा वाटण्याचें कारण नाहीं. थाई मर्दनशास्त्र शरीरांत दहा मुख्य वाहिन्या मानतें. त्यांतील पहिल्या तिघींचीं नांवें 'इत्था', 'पिंगखला' आणि 'सुमना' अशीं आहेत. आपल्या इडा, पिंगला व सुषुम्ना याच होत, हें सांगावयास नको. आवारांतील कृत्रिम टेकड्यांवर अंगास विविध पीळ देऊन बसलेल्या जटाधारी ऋषींच्या मूर्ति आहेत. तेथें ऋषीस 'रुसी' म्हणतात, आणि त्या आसनांचा अभ्यास अद्यापि चालू आहे. या विद्येचा आद्यगुरु म्हणून ज्यास वंदन करितात, तो जीवक कोमारभच्च हा बौद्ध परंपरेनुसार बिंबिसार राजाच्या काळीं राजगृहीं राहणारा वैद्य होय.

या परंपरेच्या शिक्षणासाठीं 1955 मध्यें विहाराच्या आश्रयानें शाळा स्थापन झाली. सामान्य मर्दनाचा प्राथमिक क्रम 30 तासांचा असून तो पांच दिवसांत पुरा करितां येतो. धंदा म्हणून ही विद्या पत्करणारास अर्थात् पुष्कळ अधिक शिकावें लागतें. पद्धति आपल्याहून निराळी. तेल बहुधा नसतें. सैल सुती कपडे घालून मनुष्य जमिनीवरील गादीवर निजतो, आणि मर्दन करणारा अंगठे, तळहात, कोपर, प्रसंगीं पाऊलहि वापरून दाब देतो व सांधे हळूहळू ताणतो. बळ बोटांचें नव्हे, देहाच्या तोलाचें असावें लागतें. 2019 मध्यें युनेस्कोनें 'नुआद थाई' या नांवानें या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

शाळेच्या आसपासचा प्रदेशहि पाहण्यासारखा आहे. उत्तरेस 1782 मध्यें बांधावयास घेतलेला राजवाडा आहे. त्यांतील पाचूच्या बुद्धाची मूर्ति केवळ 66 सेंटिमीटर उंच. पण तेथील ओवऱ्यांच्या भिंतींवर संपूर्ण रामकथा 178 चित्रांत रंगविलेली आहे. जवळच्या था तियन धक्क्यावरून नावेनें पलीकडे गेलें कीं सूर्यसारथि अरुणाच्या नांवाचा विहार लागतो. त्याचें शिखर चिनी मातीच्या रंगीत तुकड्यांनीं मढविलेलें आहे. दक्षिणेस थोडें चालल्यावर फुलांचा मोठा बाजार भेटतो, आणि झेंडूच्या राशी पाहून दसऱ्याची आठवण होते. शहराच्या आंतल्या अंगास, उंच तांबड्या झोपाळ्याजवळ, 1784 मध्यें उभारलेलें ब्राह्मणांचें देवस्थान आहे. तेथें शिव, गणेश व विष्णु यांचीं मंदिरें असून राजघराण्याचे संस्कार करणारे ब्राह्मण आजहि तेथेंच असतात. विहारांत व राजवाड्यांत जातांना खांदे व गुडघे झांकलेले असावे, मंदिराच्या उंबऱ्याबाहेर पादत्राणें काढावीं, आणि मूर्तीकडे पाय करून बसूं नये.

हें सर्व वाचून एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. अभ्यंग आपल्या आयुर्वेदानें दिनचर्येंत घातला. दिवाळीच्या पहांटे आपण तो आवर्जून करितोंहि. पण बाळंतिणीस व तान्ह्या मुलास तेल लावावयास येणाऱ्या बाईची विद्या आपण कधीं विद्या मानली काय? तिला खणनारळ मिळाला, मजुरी मिळाली. तिचें म्हणणें मात्र कोणीं लिहून घेतलें नाहीं. हाताचें काम तें हलकें, या समजुतीनें शिकलेल्या घरांचीच अधिक हानि केली आहे. लेखणी आपल्याच हातीं होती, आणि तीच आपण चालविली नाहीं.

लिहिलेलें तेवढें सारें खरें, असें मात्र नव्हे. त्या दहा वाहिन्या आधुनिक शरीरशास्त्रास सांपडत नाहींत. आपल्याकडेहि तान्ह्याच्या नाकाकानांत तेल घालण्याची चाल आहे, आणि ती घातक म्हणून डॉक्टर निषिद्ध मानतात. परंतु जें लिहिलेलें आहे तेंच पारखतां येतें. स्मरणांतलें ज्ञान चांगलें असो वा वाईट, माणसाबरोबर जातें. त्यास्तव ज्या घरांत अशी जाणती आजी किंवा तेल लावणारी वृद्ध बाई अद्यापि असेल, त्या घरच्या मुलीसुनांनीं तिच्याजवळ बसावें, तिचे हात कसे चालतात तें पाहावें, आणि तें एका वहींत उतरून ठेवावें. त्यास राजा लागत नाहीं, शिळाहि लागत नाहीं.